शैक्षणिक कर्ज: पुण्याचा पगार की सांगलीतलं घर? हिशेब मांडूया

बुधगावची

नमस्कार मंडळी. आपल्याकडे शैक्षणिक कर्जाबद्दल जे काही बोललं जातं ते कर्ज मंजूर होईपर्यंतच. कुठली बँक, किती टक्के, जामीन कोण राहणार, कागद काय काय लागतात. एकदा मंजुरीचं पत्र हातात आलं की विषय संपतो. फेडायचं कसं, हे कोणी शेजारी बसवून सांगत नाही. ज्यांचं चालू आहे, तेही चारचौघांत आकडा काढत नाहीत. म्हणून हा धागा काढतेय. आकड्यांसकट लिहिते, तुम्हीही तसंच लिहा, म्हणजे पुढच्या पोरांना उपयोग होईल.

मी मेकॅनिकल, खासगी कॉलेज. दरवर्षी सव्वा लाख असे चार वर्षांत ५ लाख उचलले. दर १० टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नव्हता. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असं नसतं. पहिल्या सव्वा लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन, असं सरळ व्याज १ लाख ७५ हजार झालं आणि ते मुद्दलात मिळवलं गेलं. म्हणजे हप्ता सुरू होताना खात्यावर ६ लाख ७५ हजार होते. १० वर्षांसाठी हप्ता साधारण ८,९२० रुपये. बँकेनं ठरवलं तेवढंच भरत गेलं तर एकूण १० लाख ७० हजार जातात.

आता पुण्याचं सांगते. हातात ३८ हजार यायचे. खोलीभाड्यातला माझा वाटा ९ हजार, मेस आणि सुट्टीच्या दिवशीचं बाहेरचं खाणं साडेसहा, कंपनीत जाण्या-येण्याचे अडीच, गावाकडे येण्या-जाण्याचे दोन, लाइट-गॅस-नेट-मोबाइल दीड, आणि कपडे, औषधं, कुणाचं लग्न, कुणाचा वाढदिवस असं करत साडेचार. उरायचे १२ हजार. सगळे कर्जात टाकले तरी सव्वासहा वर्षांच्या पुढे.

सध्या कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. हातात २७ हजार. घरात ७ हजार देते. गाडी-पेट्रोल दीड हजार, मोबाइल पाचशे, माझा वरखर्च तीन हजार. उरतात १५ हजार. असेच भरत राहिले तर पावणेपाच वर्षांत कर्ज संपतं आणि एकूण जातात साडेआठ लाखांच्या आत. पगार ११ हजारांनी कमी आणि कर्ज दीड वर्ष आधी फिटतंय.

माझं म्हणणं एवढंच की पगाराचा आकडा बघून नोकरी ठरवू नका, महिनाअखेरीला काय उरतं ते कागदावर काढा. आणि तो कागद घरात सगळ्यांना दिसू द्या. आमच्या पप्पांची दुधाची वही आहे. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल आलं की त्यात लिटर, फॅट आणि रुपये लिहितात. त्याच वहीच्या मागच्या पानावर दर महिन्याला मी कर्जाची शिल्लक लिहिते. व्याज किती गेलं, मुद्दल किती कमी झालं, असे दोन रकाने. आता आजीसुद्धा विचारते, या महिन्यात किती कमी झालं गं.

शंभरफुटी

चांगला विषय. वाचतोय.

मिरजमार्गे_पुणे

ताई, हिशेब चोख आहे, पण तो आजचा आहे. मी चिंचवडला एका ऑटो कंपनीत, मूळ मिरजेचा. पहिली नोकरी ३५ हजारांची होती, आज त्याच्या दुप्पट हातात येतात, कारण इथे नोकरी बदलता येते. आपल्याकडच्या कारखान्यात वर्षाला हजार-दीड हजार वाढले तर खूप. पहिली चार-पाच वर्षं ही शिकायची वर्षं असतात. ती कर्जाच्या धाकाने गावाकडे काढली, तर कर्ज लवकर फिटेल पण पुढची तीस वर्षं कमी पगारावर जातील. व्याजात वाचलेले दोन लाख त्यापुढे काहीच नाहीत.

मी काय केलं ते सांगतो. चौघं एका दोन खोल्यांच्या जागेत राहिलो, कंपनीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. स्वयंपाक घरीच, पोळ्या तेवढ्या बाहेरून. गावाकडून ज्वारी, तूरडाळ आणि चटणी यायची. माझे ३५ मधले १६ उरत होते. म्हणजे पुण्यात राहूनही जमतं. माझ्या मते मुद्दा पुणे की सांगली हा नाहीच. एकट्याने खोली घ्यायची आणि रोज कॅबने फिरायचं हा आहे.

बुधगावची

@मिरजमार्गे_पुणे, दादा, तुमचा मुद्दा मी मोडीत काढत नाही. ज्याच्या क्षेत्रात पुण्यातच काम आहे, त्याने तिथेच राहावं. सॉफ्टवेअरवाल्यांना कुपवाडला कोण काम देणार? पण माझ्या कामात इथे मला तीन वेगवेगळी मशीन हाताळायला मिळतात, ड्रॉइंगपासून तपासणीपर्यंत सगळं अंगावर पडतं. पुण्यात एकाच स्टेशनवर उभी होते. कर्ज संपलं की बाहेर जायची वाट बंद होत नाही, आणि तेव्हा हप्त्याचं ओझं नसताना पगार कमी असला तरी चांगलं काम निवडता येईल. कर्ज असताना मला तेच जमत नव्हतं. पहिला जो पगार देईल त्याच्याकडे जावं लागत होतं.

चौघांत राहायचा तुमचा मार्ग मात्र पोरींना तितका सोपा नसतो. जागाच मिळत नाहीत. मिळतात त्या महाग असतात.

हळदीचा_सौदा

मी शेतकरी, मिरज तालुक्यात. हळद आणि ऊस. पोरगं इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षाला हाय. कर्ज ६ लाखांचं मंजूर, वर्षाला दीड लाख उचलायचं. सहकर्जदार मीच. बँकेत सांगितलं, आत्ता काही भरायचं नाही, पोराला नोकरी लागल्यावर बघू. ताईंचा हिशेब वाचून पोटात गोळा आला. आत्तापासून काही भरता येतं का? आणि भरलं तर फायदा काय? आम्हाला दर महिन्याला पैसा येत नाही. हळदीचा सौदा झाला की येतो, उसाचं बिल आलं की येतो.

धाकटी पोरगी औंदा बारावीला आहे. तिलाही इंजिनिअरिंगच करायचंय.

निवृत्त_बँकवाला

@हळदीचा_सौदा, दादा, माझी उभी नोकरी बँकेत गेली, सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या शाखांत. सविस्तर लिहितो.

तुमचे दीड-दीड लाख चार वर्षं उचलले आणि मध्ये काहीच भरलं नाही, तर १० टक्क्यांनी हप्ता सुरू होईपर्यंत २ लाख १० हजार व्याज साचतं. ६ लाखांचे ८ लाख १० हजार होतात. त्यावर १० वर्षांचा हप्ता १०,७०० च्या घरात. तेच व्याज तुम्ही त्या त्या वर्षी भरत गेलात तर पोराच्या डोक्यावर ६ लाखच राहतात आणि हप्ता ७,९३० च्या आसपास बसतो. महिन्याला पावणेतीन हजारांचा फरक, तो १० वर्षं. म्हणजे आज भरलेले २ लाख १० हजार पुढे ३ लाख ३० हजारांवर वाचवतात.

शिवाय बहुतेक सरकारी बँकांत शिक्षण चालू असताना नियमित व्याज भरणाऱ्याला त्या काळापुरती व्याजदरात १ टक्का सवलत असते. ती तुमच्या मंजुरीपत्रात लिहिलेली असेल. पत्र काढून बघा आणि शाखेत लेखी मागा. तोंडी विचारलं तर काउंटरवर "नंतर बघू" होतं.

दर महिन्यालाच भरलं पाहिजे असं नाही. पण सवलतीसाठी व्याज कधी भरायचं हे मंजुरीपत्रातल्या अटीप्रमाणे पाळा. आत्ता तुमच्या अंगावर ३ लाख असतील, तर वर्षाचं व्याज ३० हजार. उसाच्या बिलातले तेवढे बाजूला काढून बचत खात्यात ठेवा आणि तिथून कर्जखात्याला महिन्याला अडीच हजार वळते करायची सूचना देऊन टाका. बिल वर्षातून एक-दोनदा आलं तरी बँकेत महिन्याला जाईल.

उत्पन्नाचंही बघा. केंद्राची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे, साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिक्षणाच्या काळातलं व्याज सरकार भरतं, मात्र अभ्यासक्रम आणि संस्था त्यात बसली पाहिजे. २०२४ च्या नोव्हेंबरात पीएम-विद्यालक्ष्मी आली, त्यात निवडक संस्थांतल्या मुलांना ८ लाख उत्पन्नापर्यंत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ताजा काढून शाखेत विचारा. तुमचं कर्ज बसतंय की नाही, हे शाखेकडून लेखी घ्या.

कराडचा_लेखापाल

@हळदीचा_सौदा, धाकटीसाठी एक महत्त्वाचं. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर लाभ नाही. म्हणजे तिच्यासाठी कर्ज काढावं लागलंच तर ते हॉस्टेल, मेस आणि पुस्तकांपुरतं. नॉन-क्रिमीलेअर, जातीचा दाखला, पडताळणी ही कागदपत्रं बारावीच्या परीक्षेआधीच मार्गी लावा. जूनमध्ये सेतू केंद्रावर काय रांग असते ते तुम्हाला माहीत आहेच.

आणि सगळ्यांसाठी कराचं थोडं. "व्याजावर करसवलत मिळते, मग कशाला लवकर फेडता?" असं सांगणारे खूप भेटतात. आयकरातली शैक्षणिक कर्जाची (८०ई) वजावट फक्त व्याजावर आहे, मुद्दलावर नाही. व्याज भरायला लागल्यापासून जास्तीत जास्त आठ वर्षं. आणि ती जुन्या करप्रणालीतच. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत मुळात करच बसत नाही. मग २७ हजार किंवा ६० हजार पगारवाल्याने करासाठी कर्ज कशाला ताणायचं? नातेवाइकांकडून घेतलेल्या पैशांच्या व्याजाला ही वजावट मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आयर्विनपलीकडे

मी सांगलीवाडीची. एक गोष्ट कळकळीने सांगते. जादा पैसे कर्जात भरायच्या आधी थोडे हाताशी ठेवा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. फ्रिज, मिक्सर, गाद्या, धान्याच्या कोठ्या, भावाचं दुकान, सगळं गेलं. पाणी उतरल्यावर गाळ काढायला माणसं लावायचे पैसेसुद्धा रोख लागत होते. माझ्या मैत्रिणीने त्याआधी जून-जुलैत साठलेले सगळे पैसे कर्जात भरून टाकले होते. कर्ज कमी झालं, पण कर्जखात्यात गेलेला पैसा परत मागता येत नाही. तिला गाद्या घ्यायला पतसंस्थेतून चढ्या व्याजाने उचलावे लागले. २०२१ ला पुन्हा पाणी आलं.

म्हणून आमच्याकडे आधी तीन महिन्यांचे हप्ते आणि तीन महिन्यांचा घरखर्च एवढा पैसा बचत खात्याला जोडलेल्या मुदत ठेवीत ठेवतो. तो पूर्ण झाला की मगच जादा भरणं. नदीकाठच्या माणसाने तर हे पाळावंच.

बुधगावची

@आयर्विनपलीकडे, ताई, हे फार मोलाचं लिहिलंत. आमचं गाव पाण्यापासून लांब म्हणून हे माझ्या डोक्यात आलं नसतं. आता दोन महिने जादा भरणं थांबवून ती रक्कम बाजूला काढते.

वाईची_सून

बुधगावची, तुझं ७ हजार घरात देणं मला फार आवडलं. घरात राहून पैसे न देणाऱ्यांना वाटतं आपण बचत करतोय, पण तो खर्च आई-वडिलांच्या अंगावर पडत असतो. त्याला काटकसर म्हणत नाहीत.

माझं कर्ज बी.फार्मचं. लग्न ठरताना मी बैठकीतच आकडा सांगितला. किती शिल्लक, हप्ता किती, माझ्या पगारातून जाणार, लग्नानंतरही जाणार. माहेरच्यांना वाटत होतं आत्ता कशाला काढायचं. पण लग्नानंतर पहिल्या महिन्याच्या पगारातून नऊ हजार कुठे गेले, हे सासूबाईंनी विचारल्यावर सांगणं जास्त अवघड. एका स्थळाने पुन्हा फोन केला नाही. दुसऱ्यांनी विचारलं, किती वर्षं राहिलीत? तेच आता माझं घर आहे. लग्नही आम्ही घरच्या अंगणात केलं, दोन्हीकडचे जवळचे लोक आणि जेवणाला गव्हाची खीर, आमटी-भात. हॉलचे, डेकोरेशनचे, आहेराच्या साड्यांचे जे पैसे वाचले त्यातून एक रकमी ८० हजार कर्जात गेले.

घरातल्या काटकसरीबद्दल लिहायचं तर माझा अनुभव असा की रोजच्या भाजीत पैसे मारून काही होत नाही, उलट माणसं चिडतात. वर्षाची बेगमी नीट केली की फरक पडतो. चैत्र-वैशाखात गहू-ज्वारी थेट शेतकऱ्याकडून पोत्याने, डाळी मिलमधून, मिरची बाजारातून आणून देठं आम्ही घरी बसून मोडतो, मग कांडपावरून कुटून आणतो. कांदा-लसूण चटणीची एक बरणी भरली की वर्षभर तयार मसाल्याची पाकिटं घरात येत नाहीत. सासूबाईंची मदत नसती तर नोकरी सांभाळून मला हे जमलं नसतं, हेही सांगितलं पाहिजे. ज्याच्या घरी माणूस नाही त्याने यात जीव काढू नये. वेळेलाही किंमत आहे.

मोठे खर्च तीनच असतात: राहणं, गाडी आणि समारंभ. हे तीन आवरले तर चहा-वडापावला हिशेब लावत बसावं लागत नाही.

मिरजमार्गे_पुणे

+१. गाडीचं तर अगदी खरं. नोकरी लागल्या लागल्या हप्त्यावर दीड-दोन लाखांची बाइक घेणारे कितीतरी मित्र बघितले. शैक्षणिक कर्ज तसंच आणि वर गाडीचा हप्ता. मी काकांची जुनी स्प्लेंडर वापरली.

नाव_नको

नवा आयडी काढून लिहितोय. पलूस तालुका. एम.एस्सी. बायोटेक केलं, कर्ज ४ लाखांच्या आतलं. हैदराबादला नोकरी होती, तीन महिन्यांपूर्वी गेली. दोन हप्ते थकलेत. सहकर्जदार वडील, त्यांच्या मोबाइलवर बँकेचे फोन यायला लागलेत. ते अनोळखी नंबर उचलत नाहीत म्हणून त्यांना अजून माहीत नाही. घरी सांगितलं आहे की वर्क फ्रॉम होम आहे. रात्री झोप येत नाही. काय करावं?

निवृत्त_बँकवाला

@नाव_नको, बाळा, पहिलं म्हणजे घाबरू नकोस. दोन हप्ते थकणं हा गुन्हा नाही. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत, जातं, त्याआधी तुझ्या हातात अजून दिवस आहेत, म्हणून उशीर नको.

आज संध्याकाळी वडिलांना सांग. हे कर्ज त्यांचंही आहे. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, तुझ्याइतकंच त्यांचंही नाव आहे. उद्या ते पीककर्जाला किंवा ट्रॅक्टरच्या कर्जाला गेले तर ही थकबाकी तिथे दिसणार, आणि त्यांना ती बँकेतल्या साहेबाकडून कळेल. त्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे.

मग दोघं मिळून शाखेत जा. लेखी अर्ज द्या: नोकरी गेली, ही तारीख, हे कंपनीचं पत्र, हप्ता काही महिने पुढे ढकलून मिळावा. इंडियन बँक्स असोसिएशनच्या मॉडेल शैक्षणिक कर्ज योजनेत बेकारीच्या काळात अशी सवलत देण्याची तरतूद आहे. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. व्याज मात्र चालू राहतं, म्हणून जमलं तर तेवढं तरी भरत राहा. ४ लाखांवर १० टक्क्यांनी महिन्याचं व्याज तीन हजार तीनशेच्या आसपास येतं. शिकवण्या घेऊनही निघेल.

वसुलीवाल्यांचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर येता कामा नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कोणी दमदाटी केली तर शाखेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत.

वाईची_सून

@नाव_नको, दादा, आधी जेवणं होऊ द्या आणि मग सांगा. वडील एकदा ओरडतील. दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर बँकेत तेच येतील.

संगममाहुली

मी साताऱ्याचा, निवृत्त शिक्षक. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. कुठल्या जातीची, कुठल्या गावची पोरं, पण त्यांच्या शिक्षणासाठी या माउलीने हे केलं. त्या मातीतल्या माणसांनी शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाची लाज बाळगू नये. @नाव_नको, हे विशेष करून तुमच्यासाठी लिहितोय.

अण्णांनीच, म्हणजे कर्मवीरांनीच, "कमवा आणि शिका" योजना सुरू केली. आजही रयतच्या कॉलेजांत ती आहे, शिवाजी विद्यापीठातही आहे. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत, कार्यालयात रोज काही तास काम करून मुलांना मोबदला मिळतो. @हळदीचा_सौदा, तुमच्या मुलाच्या कॉलेजात अशी काही सोय आहे का, विचारा. महिन्याला हजार-दोन हजार मिळाले तरी त्याच्या कर्जाच्या व्याजाचा मोठा भाग त्याचा तोच भरेल. माझ्या वर्गातली अशी मुलं मी पुढे पाहिली आहेत, पैसा कसा जपायचा ते त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

हळदीचा_सौदा

बँकवाले साहेब, शाखेत जाऊन आलो. मंजुरीपत्रात १ टक्क्याची ओळ हाय. मॅनेजर म्हणाले, सहसा कोणी मागत नाही. अर्ज दिला, शिक्का घेतला. अडीच हजार महिन्याला वळते करायची सूचनाही दिली. पोराला सुट्टीत आल्यावर हा धागा वाचायला लावणार. मास्तर, कॉलेजात चौकशी करायला सांगितली.

अजून एक शंका. पुढे हळदीला चांगला भाव मिळाला आणि एकदम ५० हजार भरले तर बँक दंड लावते का? आमच्या भावकीतल्या एकाला ट्रॅक्टरच्या कर्जाला लावला होता.

निवृत्त_बँकवाला

दर बदलता असलेल्या, म्हणजे फ्लोटिंग दराच्या, वैयक्तिक कर्जावर मुदतीपूर्वी भरल्याचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने २०१४ पासूनच मनाई केली आहे. शैक्षणिक कर्जं बहुतेक त्याच दराची असतात. मंजुरीपत्रात "फ्लोटिंग" शब्द आहे का, तेवढं बघा.

भरताना मात्र चिठ्ठीवर स्पष्ट लिहा की ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. नंतर खातेउतारा काढून ताडून बघा. कधी कधी जादा रक्कम पुढच्या हप्त्यांची आगाऊ भरणी म्हणून धरली जाते आणि मग पुढचे दोन-तीन महिने खात्यातून काही कापलंच जात नाही. माणूस खूश होतो, पण मुदत होती तिथेच राहते.

दरावरही लक्ष ठेवा. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली फ्लोटिंग कर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराला बांधलेली असतात. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो ६.५० वरून ५.५० वर आला. तुमच्या उताऱ्यावर दर तसा उतरला का, ते पाहायला हवं. कर्ज ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं असेल तर नव्या पद्धतीत बदलून मिळतं, अर्ज करावा लागतो. दर कमी झाल्यावर बँक हप्ता कमी करून देऊ का विचारेल. जमत असेल तर नको म्हणा, जुनाच हप्ता चालू ठेवा.

शंभरफुटी

उताऱ्याचं वाचून माझा काढून बघितला. दर उतरलाय, मुदत आठ महिन्यांनी कमी झालीय. मला कोणी कळवलं नव्हतं.

नाव_नको

सांगितलं घरी. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हैदराबादची खोली सोडलीस का, की तिचं भाडं चालूच आहे? ती सोडली. काल दोघं शाखेत गेलो, अर्ज दिला. सहा महिन्यांचं वरच्या कार्यालयाकडे पाठवतो म्हणालेत. एक थकलेला हप्ता दुधाच्या बिलातून बाबांनी भरला, तो मी त्यांना परत करणार आहे. अकरावी-बारावीच्या बायोलॉजीच्या शिकवण्या सुरू केल्यात. सगळ्यांचे आभार.

बुधगावची

@नाव_नको, फार बरं वाटलं वाचून. कुपवाडच्या, मिरजेच्या लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोलच्या जागा निघतात. कळलं की इथेच टाकते.

आयर्विनपलीकडे

बँकवाले काका, आमचं कर्ज साडेसात लाखांवरचं होतं म्हणून घर तारण आहे. शेवटचे काही हप्ते राहिलेत. संपल्यावर काय काय कागद घ्यायचे, तेही लिहा.

निवृत्त_बँकवाला

शेवटचा हप्ता भरायच्या आधी शाखेतून पूर्ण फेडीची रक्कम लेखी घ्या, कारण त्या दिवसापर्यंतचं व्याज हप्त्यात नसतं आणि शंभर-दोनशे रुपये बाकी राहून खातं उघडंच राहतं. भरल्यावर ना-देय दाखला आणि शून्य शिल्लक दाखवणारा खातेउतारा घ्या. बचत खात्याला लावलेली आपोआप हप्ता कापायची सूचना बंद करा.

घराचे मूळ कागद पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. डिसेंबर २०२३ पासून बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. कागद घेताना मंजुरीच्या वेळी दिलेली यादी सोबत न्या आणि एकेक कागद टिक करून घ्या. खरेदीखताची मूळ प्रत आहे की झेरॉक्स, तेही पाहा. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर बोजा चढवला असेल तर तो आपोआप उतरत नाही. ना-देय दाखला जोडून मिळकत पत्रिकेसाठी नगर भूमापन कार्यालयात आणि सातबाऱ्यासाठी तलाठी कार्यालयात अर्ज करा. सातबाऱ्याचा बोजा कमी करण्याचा अर्ज शासनाच्या ई-हक्क संकेतस्थळावर ऑनलाइनही होतो. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून ठेवा.

दीड-दोन महिन्यांनी तुमचा आणि सहकर्जदाराचा, दोघांचाही सिबिल अहवाल काढा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एक अहवाल मोफत मिळतो. त्यात हे खातं "बंद" असं दिसलं पाहिजे. "तडजोड" दिसत असेल तर ना-देय दाखल्याची प्रत जोडून लगेच दुरुस्ती मागा.